रिकाम्या आकाशाचं तापमान

२१ अंश

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ, ऊन कधीच न पोचणाऱ्या विवरात, एक दुर्बीण बत्तीस वर्षं मरणाऱ्या ताऱ्यांची ऊब मोजत होती. पुढच्या आठवड्यात ती बंद व्हायची होती. पहिल्या दिवसापासून ती चालवणाऱ्या हेमलता केंकरेबाईंना त्याचं दुःख नव्हतं. झोप हवी होती.

म्हातारा तारा धूळ ओकतो. त्या धुळीचं कवच त्याला झाकून टाकतं. तारा दिसत नाही, पण कवच तापतं आणि ती ऊब अवरक्त किरणांत सापडते. अडचण एवढीच, की दुर्बीण स्वतःही थोडी ऊबदार असते. म्हणून आधी तारा मोजायचा, मग शेजारचं रिकामं आकाश, आणि दुसरा आकडा पहिल्यातून वजा करायचा. प्रत्येक ताऱ्यासाठी रिकामा तुकडा नवा निवडावा, असा नियम.

पहिल्याच वर्षी बाईंनी कंटाळून एकच तुकडा कायम केला. तिथे काहीच दिसत नव्हतं.

उणे ४०

"दोन हजार तारे," बाई म्हणाल्या. "सगळ्यांच्या आलेखात एकाच जागी खळगा. जुन्या धुळीची खूण, असं मीच छापलं. गेल्या चार वर्षांत तो सगळ्यांचाच बुजत गेला."

शीतयंत्रं सांभाळणारे मिरजेचे इस्माईल मुल्ला चहा ओतत होते.

"सगळे पेशंट एकदम बरे झाले, तर डॉक्टरला हार घालायचा की थर्मामीटर बघायचा?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी तो रिकामा तुकडाच, त्याच्या जुन्या सगळ्या मोजण्यांसकट, तपासायला घेतला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

उणे ११२

तिथे तारा होता. कवचात पुरता गुंडाळलेला. त्या कवचाची ऊब वजा होऊनच प्रत्येक आलेखात खळगा पडत होता.

"अठ्ठावीस वर्षं एकच तापमान," बाई म्हणाल्या. "धूळ अशी राहत नाही, मुल्ला. ती पसरते, निवते. आतल्या ताऱ्याची आचही कमीजास्त होत होती. कवच मात्र हललं नाही. एकवीस अंश."

मुल्लांचा हात थांबला.

"एकवीस? बाई, आपल्या जेवणघराचा काटा मी एकवीसवर ठेवतो."

मग त्यांनीच हलकेच विचारलं, "कोण सांभाळत होतं?"

"माहीत नाही. मी त्यांना वजा करत होते."

"आणि आता?"

"उणे चाळीस. मग उणे एकशेबारा. मग..." त्यांनी हात झटकला. "उजेड यायलाच सहाशे वर्षं लागतात. आपण बघायला लागलो, तेव्हाच सगळं आटपलेलं होतं."

"मग गप्प बसा की. कुणाला कळतंय?"

उणे २७०

दर वर्षाच्या अहवालात एक रकाना असे: रिकामे आकाश रिकामे असल्याची खात्री केली आहे काय? खाली बाईंची सही आणि "होय".

त्यांनी जुने अहवाल समोर घेतले आणि पहिल्यापासून "होय" खोडून "नाही" लिहायला लागल्या. प्रत्येक "नाही"बरोबर त्या वर्षाचे तारे खोटे ठरत होते. एकतिसाव्या सहीला बोटं आखडली. मुल्लांनी चहा गरम करून आणला.

शेवटचा अहवाल या वर्षाचा. बाईंनी तुकडा पुन्हा मोजला, दोनदा. उणे दोनशे सत्तर. कवच विरलं होतं, ताराही. बाकी कुठल्याही आकाशाइतकंच थंड.

बत्तीस वर्षांत वजाबाकीला इतकी योग्य जागा त्यांना मिळाली नव्हती.

त्यांनी लिहिलं: होय.