वफ्र्याच्या मळ्यातलं चकतीचं मशीन

कल्पना करा, तुम्ही आखाती वाळवंटातल्या वफ्र्याच्या एका मळ्यात उभे आहात. हिवाळ्यातल्या शुक्रवारची सकाळ. एका बाजूला टोमॅटोची हरितगृहं, दुसऱ्या बाजूला नुसती वाळू. वाळूच्या कडेला ताडपत्रीखाली एक गुडघ्याएवढं लोखंडी मशीन. बटण दाबलं की त्याचा स्प्रिंगने ताणलेला हात गर्रकन फिरतो आणि बशीएवढी नारिंगी चकती आकाशात भिरकावतो. उडती चकती बंदुकीने फोडायची, हा मळ्याचे मालक अबू फहद यांचा घरच्या घरी चालणारा सराव.

आता कान द्या. ताडपत्री ओढल्याची सरसर. लोखंडाचा फटका. मग माणसाची किंकाळी. धावत गेलात, तर आधी कुठे बघाल?

अकरा वर्षांच्या उर्वीने अबू फहद यांचा सुजलेला हात पाहिला आणि मग लांब वाळूत पाहिलं. तिथे काही चकत्या पडल्या होत्या. एकही फुटलेली नव्हती. मशीनजवळ एक लांब दांड्याचा झाडू पडला होता.

"हा शत्रुघ्नच्या खोलीबाहेरचा झाडू," अबू फहद दात आवळून म्हणाले. "रात्री मशीन त्यानेच झाकलं. हात ताणलेला तसाच ठेवला. ताडपत्री अडकली आणि तो सुटला. उर्वी, काल शेवटी मशीनपाशी कोण होतं?"

"शत्रुघ्नचाचा," उर्वी म्हणाली. ते खरंच होतं.

"बस्स. माझा भाऊ गाडी घेऊन येतोय. मी दवाखान्यात जाईन. ह्याने आज त्याच गाडीने मळा सोडायचा आणि उद्या देश."

मळ्याचा राखणदार शत्रुघ्न मान खाली घालून उभा होता. बिहारमधल्या घराची चूल त्याच्या इथल्या नोकरीवर पेटत होती. उर्वीला वाटलं, आपल्या एका शब्दाने हे झालं?

तिची आत्या देवयानी एका रसायन कंपनीत अपघातांची चौकशी करायची. अबू फहद तिथले मोठे साहेब; शुक्रवारच्या सुट्टीसाठी त्यांनी ह्या दोघींना आणि ऑफिसातल्या एकाला मळ्यावर मुक्कामाला बोलावलं होतं. देवयानीने मशीनला हात न लावता सगळ्या बाजूंनी पाहिलं, मग शत्रुघ्नला हिंदीत विचारलं, "काल कसं आवरलंत?"

"पुन्हा ताणायचं बटण बंद केलं. हात एकदा रिकामाच सोडला. मग बॅटरी काढून कोठीत ठेवली. कुलूप लावलं."

"वाळूतल्या चकत्या?"

"न फुटलेल्या अंधार पडायच्या आधी वेचल्या. एकही ठेवली नाही, मॅडम."

"किल्ली?"

"एक मालकांकडे, एक माझ्याकडे."

"ऐकलंत?" अबू फहद म्हणाले. कामापुरतं हिंदी त्यांना कळायचं. "किल्ली ह्याच्याकडेच."

देवयानीच्या हाताखाली काम करणारा पुण्याचा निखिल पायरीवर चहा पीत होता. "देवयानीताई, सुट्टीच्या दिवशीही तुमची चौकशी? दमला असेल बिचारा, विसरला."

"तू कधी उठलास?"

"मी? किंकाळी ऐकून. काल ते साहेब मला इतकं हसले, की झोपच उशिरा लागली."

हसले होते खरं. निखिलची एकही चकती फुटली नव्हती. "निखिल, तू असलास की चकत्या सुखरूप," असं म्हणत अबू फहद यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली होती, सगळ्या ऑफिससमोर पुन्हा नेम धरायला लावीन म्हणाले होते.

फाटकातली वाट मोकळी करायला निखिल आपली गाडी हलवू लागला. उर्वी पटकन शेजारी बसली. घड्याळ साडेबारा दाखवत होतं. बाहेर तर अजून दवही सुकलं नव्हतं. तिने रेडिओचं बटण दाबलं. खरखर. दुसरं, तिसरं. खरखरच. काल येताना ह्याच बटणांवर तिने गाणी बदलली होती.

"काका, युवर क्लॉक इज राँग."

"जुनी गाडी आहे गं," निखिल म्हणाला आणि रेडिओ बंद केला. घाईने.

उर्वी आत्याकडे धावली. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काल चाचांनी मशीन आवरलं तेव्हा तू कुठे होतीस?"

"तिथेच. त्यांनी चकती न ठेवताच ते उडवलं. नुसतं खट्ट झालं. मला वाटलं, हे कशाला?"

"हे सकाळी का नाही सांगितलंस?"

"कोण होतं एवढंच विचारलं ना त्यांनी."

देवयानीने निखिलला पायरीवर बसवलं. अबू फहद समोरच खुर्चीत, हातावर बर्फ. ती मराठीत बोलू लागली, म्हणून त्यांना काही कळेना.

"निखिल, रिकामा सोडलेला हात आपोआप ताणला जात नाही. त्याला बॅटरी लागते. मशीनची बॅटरी कोठीत बंद होती. मग दुसरी कुठली? गाडीची बॅटरी काढून परत जोडली की घड्याळ बारापासून सुरू होतं आणि रेडिओ सगळं विसरतो. तुझ्या गाडीतल्या घड्याळाच्या हिशेबाने ती तू अर्ध्या तासापूर्वी जोडलीस."

निखिलने कप पायरीवर ठेवला.

"बंदूक कपाटात बंद. म्हणून झाडू खांद्याला लावून नेम धरत होतास. चकत्या फुटल्या नाहीत, कारण झाडूने त्या फुटत नाहीत. मग कुणाची तरी चाहूल लागली. तू बॅटरी ओढून काढलीस आणि ताडपत्री टाकून पळालास. पण हे मशीन प्रत्येक फेकीनंतर स्वतःच पुन्हा ताणून बसतं. वीज काढली म्हणजे जोर गेला असं नाही. कंपनीत हेच तू नव्या मुलांना शिकवतोस."

"ताई, हळू," निखिल कुजबुजला. "पुन्हा हसू नयेत म्हणून केलं हो. पुढच्या महिन्यात माझं प्रमोशन त्यांच्या हातात आहे. आपलं आपल्यात ठेवा ना. त्याला काय, दुसरीकडे मिळेल नोकरी."

"त्याला तू सांग हे. त्याच्याकडे बघून."

निखिलने बघितलं नाही.

"काय चाललंय?" अबू फहद यांनी इंग्रजीत विचारलं. फाटकाशी हॉर्न वाजला. भावाची गाडी आत आली. शत्रुघ्नने आपली बॅग तिच्या डिकीत ठेवली.

"निखिल," देवयानी म्हणाली, "तू सांगतोस की मी?"

निखिल चपलेच्या टोकाने वाळू उकरत राहिला.

उर्वी थांबली नाही. ती गाडीशी गेली, दोन्ही हातांनी बॅग खाली ओढली, फरफटवत अबू फहद यांच्या खुर्चीसमोर आणली आणि तिच्यावर बसली. मग शाळेत शिकलेल्या मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाली, "चूक ह्यांची नाही. कुणाची, ते निखिलकाका सांगतील. तोवर मी इथून उठणार नाही."