बत्ती धरा, भाऊजी

दार लोटून घ्या आणि जरा सरकून बसा. जे सांगतोय ते ऐकीव नाही. ज्याच्यावर गुदरलं तो आमच्याच खताच्या कारखान्यात रात्रपाळीचा फोरमन होता, आणि त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. खोटं सांगून त्याला मिळण्यासारखं काही उरलं नव्हतं.

माणूस वाईट नव्हता हो. मऊ होता. साहेबांनी कागद पुढे केला की याचा हात आपोआप चालायचा. जेवणाच्या डब्याखाली पसरलेल्या रद्दीवरसुद्धा सही करील, असं पोरं म्हणायची. पाठीमागे त्याला सगळे 'शिक्का' म्हणत.

डिसेंबरातला तिसरा गुरुवार होता. दुसऱ्या दिवशी दहा वाजता सरकारी तपासणी. साहेबांनी जाताना त्याच्या हातात एक पितळी पट्टी ठेवली. तिच्यावर तपासल्याची नवी तारीख ठोकलेली होती. अमोनियाच्या दुसऱ्या टाकीवर जो सेफ्टी व्हॉल्व्ह आहे, त्याला ही अडकवायची. काम एवढंच.

आता हा व्हॉल्व्ह म्हणजे काय, तर टाकीत दाब वाढला की तो आपोआप उघडतो आणि गॅस नळीतून वर हवेत सोडून देतो. तो उघडला नाही तर टाकी कुठून तरी फाटणार. म्हणून दर वर्षी तो खाली उतरवून तपासायचा असतो. पण त्यासाठी टाकी दोन दिवस बंद ठेवावी लागते, उत्पादन थांबतं. मग काय, व्हॉल्व्ह तिथेच राहायचा आणि पट्टी तेवढी बदलायची.

दोन वर्षांपूर्वी पहिल्या टाकीवर हेच झालं होतं. दाब चढला, व्हॉल्व्ह उघडला नाही, खालचा जोड फुटला. जोडाच्या मागचा कॉक बंद करायला एक फिटर आत गेला, तो परत आलाच नाही. चौकशीत ठरलं की फिटरने चुकीचा नट आवळला. मेलेला माणूस काय उलट बोलणार? तो फिटर म्हणजे या फोरमनचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. आणि त्या वर्षीच्या तपासणीच्या कागदावर सही होती या फोरमनची.

तर त्या रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी तो पट्टी खिशात टाकून निघाला. धुकं इतकं की हाताशी असलेला कठडा दिसेना. बेचाळीस पायऱ्यांची लोखंडी शिडी. वर पोचला तर व्हॉल्व्हपाशी कोणीतरी पाठमोरं बसलेलं. तोंडावर गॅसचा मुखवटा. याला वाटलं, साहेबांनी ठेकेदाराचा माणूस पाठवला असेल. हाक मारणार, तेवढ्यात त्या माणसाने मागे न बघता हात केला.

"बत्ती धरा, भाऊजी."

अख्ख्या कारखान्यात त्याला भाऊजी म्हणणारा एकच माणूस होता...

बत्ती धरली त्याने. उजेड नाचत होता.

"आत बघा."

व्हॉल्व्हमागच्या नळीचं तोंड उघडं होतं. टोपी केव्हाच गळून गेली होती. आत गांधीलमाशीने मातीचं घर बांधलेलं. घट्ट. वाळलेलं. त्याच्यामागे गंजाची ढेकळं. हवा जायला फट नाही.

"...माती आहे," फोरमन म्हणाला.

"माझ्या वेळी बघितलं होतं?"

साहेबांनी सांगितलं होतं, असं म्हणायचं होतं त्याला. पण सही तर त्याची स्वतःची होती.

तो माणूस उठला. मुखवट्याच्या काचेत नुसतं धुकं. त्याने फोरमनचं उजवं मनगट धरलं. जोर नाही. राग नाही. थोरल्या माणसाला जपून उतरवावं, तसं. पण गार... इतकं गार की भाजल्यासारखं.

बत्ती विझली.

पेटली तेव्हा वर कोणी नव्हतं. उतरायला शिडी एकच. आणि ती याच्या पाठीशी होती.

पट्टी त्याने लावली नाही. सकाळी दहाला सगळ्यांसमोर साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि तपासणीच्या माणसाला सांगितलं, "हा व्हॉल्व्ह तपासलेला नाही. दोन वर्षांपूर्वीचाही नव्हता. सही माझी आहे."

मग टाकी बंद झाली. व्हॉल्व्ह उतरवून दाब देऊन पाहिला. दुप्पट दाबालाही तो हलला नाही. नवा बसवला, नळी साफ केली. नवव्या दिवशी थंड ठेवणारं मशीन बंद पडलं, दाब भराभर चढला, आणि नवा व्हॉल्व्ह फुस्सकन उघडून गपकन मिटला. त्या पाळीतली एकोणतीस माणसं आपापल्या घरी जाऊन जेवली.

फोरमनला खोट्या सहीबद्दल काढून टाकलं. साहेबांची बढती होऊन ते दुसऱ्या कारखान्यावर गेले. मेहुण्यावरचा ठपका काही पुसला नाही. फोरमनने अर्जावर अर्ज केले. उत्तर आलं एका ओळीचं, फाईल बंद झालेली आहे.

बायकोला त्याने सगळं सांगितलं. ती रडली नाही, भांडली नाही. भांडी पुसता पुसता एवढंच म्हणाली, "दोन वर्षं मी आईला समजावत होते, की चूक आपल्याच पोराची होती." त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची.

मनगट त्याने बाहीखाली लपवलं होतं. पंधरा दिवसांनी तिच्या नजरेला पडलं. पांढरे पडलेले चार बोटांचे वळ, आणि आतल्या बाजूला अंगठा. तीच त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. गॅसने भाजलेली माणसं बघण्यात त्या डॉक्टरांची हयात गेलेली. त्यांनी भिंग लावून पाहिलं, कातडी दाबून पाहिली. म्हणाले, हे बर्फाहून गार अशा द्रव अमोनियाने पोळलंय, यात शंकाच नाही.

फोरमन म्हणाला, पंधरा दिवस झाले.

डॉक्टरांनी मान हलवली. जखम भरून, आक्रसून, कातडी पुन्हा धरलेली होती. "पंधरा दिवस कसले? ही निदान दोन वर्षांची जुनी आहे." मग चष्म्यावरून त्याच्याकडे बघत त्यांनी विचारलं, "तेव्हाच का नाही आलात?"

बायको शेजारीच उभी होती...

तिने त्याची बाही हळूच खाली ओढली.