तेजाबाची बंडी

बस गा इथं, कंदिलाजवळ. लाखेच्या कारखान्याचं विचारत होता नं तू? सांगतो. पण मधात बोलू नोको, मले राग येते.

साल चोपन्न असंन. गोंदियाच्या मालधक्क्यावरून तेजाब उचलायचा अना गोरेगावच्या अलीकडं लाखेचा कारखाना होता, तिथं पोचवायचा. लाख पांढरी कराले लागे तो. घागरीएवढ्या काचेच्या बरण्या, बांबूच्या टोपल्यात बसवलेल्या, भोवती धानाची तणस कोंबलेली. थेंब सांडला का तणस काळी पडे, जळका वास सुटे. एका बैलबंडीवर मी, दुसऱ्या बंडीवर सुकराम.

सुकराम म्हणजे गावच्या दंडारीच्या नाटकात राणी होणारा माणूस. मिशा काढून लुगडं नेसला का त्याची बायको शामकला बी लाजून आत पळे. मी बैलाले शिव्या देत जाओ, तो मागून बैलाची माफी मागत ये. धान कापून झालेलं, बांध्यांत लाखोरी निळी फुललेली, अना आम्ही दोघं एका बिडीवर दोन कोस. तसे दिवस आता नाहीत बापा. तशी बिडी बी नाही.

मालधक्क्यावरचा बाबू दरवेळेस हिंदीत बजावे, "इसमें पानी मत जाने देना. उछलेगा." आम्ही अडाणी. आम्ही एवढंच डोक्यात ठेवलं का तेजाब अना पाण्याचं जमत नाही.

एक दिवस तलावाच्या पाळीवर सुकरामच्या बंडीचं चाक खड्ड्यात गेलं. टोपली कलंडली. त्यानं खांदा लावला, अना बरणी फुटली. मानेवर, तोंडावर, डोळ्यात गेला तेजाब. तो आंधळ्यावानी पाण्याकडं धावला. तलाव दहा पावलांवर होता.

अना मी त्याले मागून कवटाळलं.

"पाणी नोको लावू, सुकऱ्या... उडंन ते... मरशीन."

तो 'पाणी, पाणी' करत होता. माह्या अंगात जोर जास्त. सोडला नाही मी. धोतरानं तोंड पुसून दिलं, घासलं, वरून चाकाचं वंगण चोपडलं. तिसऱ्या दिवशी गेला तो, एक शब्द न बोलता.

मंग कारखान्यातला मिस्त्री छोटेलाल मले समजवाले आला. बरणीत पाणी जाऊ द्यायचं नाही हे खरं, पण माणसावर पडला तं पाणीच पाणी. कपडे फाडून काढायचे, घासायचं नाही, तेल नाही, वंगण नाही. पाव घंटा तरी धार धरायची. मी त्याच्या दोन कानाखाली लावल्या. आधी काऊन नाही सांगतलं म्हणलो. तो गाल धरून उभा राहिला. "मुझे लगा, सबको मालूम है."

शामकलाले मी खोटं सांगतलं. धावता धावता पडला, पाण्यापर्यंत पोचला नाही म्हणलो. ती मले भाऊजी म्हणे, सणाले ताट वाढे. कोणत्या तोंडानं खरं सांगू?

काम मात्र सोडलं नाही. काम सुटलं असतं तं ती पाळ सुटली असती. अना पाळीवरनं जाताना मागून सुकरामचं दंडारीतलं गाणं ऐकू आल्यासारखं वाटे. मले बरं वाटे ते.

पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळ होती, पण धुकं असं का बैलाची शिंगं दिसत नव्हती. पाळीवर बैल आपोआप थांबले. मारलं, हलले नाहीत. जळक्या तणशीचा वास येऊन राहिला होता. कोणती बरणी गळते म्हणून मी उतरून वाकलो. साऱ्या कोरड्या, साऱ्या धड. शेवटच्या बरणीले हात लावला अना ती हाताखाली फुटली.

डोळ्यात इंगळ गेले. पाणी कोणीकडं हाय, समजेना. तलावाची दिशाच हरवली.

तेवढ्यात कोणीतरी मले मागून कवटाळलं.

मी ओळखलं. तसंच, दोन्ही हात छातीवर बांधून. आता हा मले इथंच धरून ठेवते, असं मनात आलं.

"सोड... सोड गा सुकराम..."

सोडलं नाही. उचललं, अना पाणी आलं. बरफावानी पाणी. सदरा टरकन फाटला. डोकं खाली दाबे, वर काढे, ओंजळीनं डोळ्यात पाणी मारे. मी नाकातोंडानं पाणी प्यालो. बस झालं म्हणलो, तं कानाजवळ दंडारीतल्या राणीचा तो नाजूक आवाज.

"अजून... अजून थोडं..."

मासे धराले आलेल्या लोकांनी मले काढलं अना गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. केशोराव नावाचा कंपाउंडर होता. त्यानं डोळ्यावर पट्टी बांधली. म्हणे, डोळे वाचले तुझे, एवढा वेळ कोणी धुतलं?

"सोबत्यानं," म्हणलो मी.

"व्हरांड्यात उभा हाय तोच का? ओला चिंब?"

त्याले बी पट्टी बांधतो म्हणत तो बाहेर गेला. कोणाशीतरी बोलल्याचं ऐकू आलं. वापस आला तं हळू बोलाले लागला.

"त्याचे डोळे पार गेले हायेत रे. पण जखम जुनी हाय. तवा कोणी पाणी नाही टाकलं का त्याच्यावर?"

"तुम्ही... त्याले विचारलं का?"

"विचारलं. म्हणे, याचे डोळे बरे झाले का मंग हाच सांगंन सारं."

नवव्या दिवशी पट्टी सुटली. मी घरी गेलो नाही, सरळ शामकलाच्या ओसरीवर गेलो. तिनं पाट दिला. बसलो अना सारं सांगून टाकलं. दहा पावलं होती, मीच धरला होता, तो पाणी मागत होता. मान वर करायची हिंमत नव्हती.

मंग मी वर पाहिलं. ती माह्याकडं पाहतच नव्हती. माह्या खांद्यावरून मागं पाहून राहिली होती. डोईवरचा पदर तिनं नीट केला.

"ऐकलं नं," ती हळूच म्हणे. "आता बसा तुम्ही... किती दिवस उभं राहाल."

मी तं कवाचा पाटावर बसलो होतो.