एकावन्न किलोंची भरणी

शलाका सामंत तोलकाट्यावरून उतरली आणि पुन्हा चढली. दप्तरासकट एकावन्न किलो.

"किती वेळा चढशील, बाय? काटा काय तुला घाबरून बदलणार?" तोलाधिकारी परब म्हणाले.

"काका, मला दोनच्या पाळण्यात बसवा ना! आईचं चंद्रयान साडेसहाऐवजी साडेतीनला सुटतंय. तीन वर्षांसाठी चाललीय ती! आणि माझं तिकीट पाचचं. पाचला जाऊन टाटा कुणाला करू, धक्क्याला?"

वेंगुर्ल्याच्या समुद्रातला अवकाशमनोरा शंभर किलोमीटर उंच होता. यानांचा धक्का अगदी वर; तिथवर पाळणे जात.

"तिकीट बदलत नाही," परब म्हणाले. "एका दोराला दोन पाळणे, रहाटाला दोन बादल्या असाव्यात तसे. एक चढला की दुसरा उतरतो आणि वजन जुळलेलंच लागतं. म्हणून वर जो पाळण्यातून बाहेर पडतो, त्याच्या जागी तेवढ्याच वजनाचा माणूस खाली यायला बसतो. जोड्या आधीच ठरलेल्या."

"आणि जागा रिकामी राहिली तर?"

"पाण्याची पिशवी. तिला भरणी म्हणतात. वर जाते, तशीच परत येते."

"दोनच्या पाळण्यात आहे?"

"साठ किलोची आहे एक."

"मग एकावन्न लिटर काढा, नऊ ठेवा! मी काय पाण्यापेक्षा वाईट आहे?"

परब खो खो हसले आणि त्यांनी पिशवीचा नळ सोडला.

तासाभराचा प्रवास. शलाकाने घड्याळ शंभरदा तरी पाहिलं असेल. वर दार उघडलं, तेव्हा तीन वाजले होते. समोर आई! लोक उतरले, त्यांच्या जागी खाली जाणारे बसले. शलाका उठली, तर द्वारपाल मिस्किटाबाई आडव्या आल्या.

"तू कुठे? तुझ्या मनगटावरच्या पट्टीवर 'भरणी' लिहिलंय. तुझ्या जागी बसायला कुणीच नाही. उतरलीस, तर तोल गेला."

तशीच परत येते! परबकाकांनी सांगितलं होतं की. तिने 'वर जाते' एवढंच ऐकलं होतं.

"त्या जागी दुसरं एकावन्न किलो ठेवलं तर?" आईने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता आपल्या पेट्या आत ढकलल्या. पंचावन्न भरले. तिने भराभर पुस्तकं आणि एक स्वेटर बाहेर काढला. काटा जुळला. शलाका दप्तरासकट उडी मारून थेट तिच्या गळ्यात पडली.

"आई, तुझे कपडे!"

"चंद्रावर कोण बघतंय?"

पाळणा खाली गेला. तेवढ्यात कर्णा वाजला. "चंद्रयानाचं वजन एकावन्न किलो कमी भरतंय. इंधन आणि वेग आधीच ठरलेत. भरणी लागेल, नाहीतर उड्डाण रद्द."

"पाणी आणा!" आई ओरडली.

"सगळ्या पिशव्या खाली आहेत," मिस्किटाबाई म्हणाल्या आणि हळूहळू शलाकाकडे वळल्या. धक्क्यावरचे सगळेच वळले.

"मुळीच नाही," आई म्हणाली. "सोमवारी तिची चाचणी आहे."

"यान परत कधी येतं?" शलाकाने विचारलं.

"नऊ दिवसांनी," मिस्किटाबाई म्हणाल्या.

आई मग खाली वाकली आणि शलाकाच्या बुटाची सुटलेली नाडी घट्ट बांधू लागली.