बॅटरीमागचं लिंबू

झड लागली होती. सागाच्या रुंद पानांवर पाणी थडथड वाजत होतं, आणि मुकुटबनच्या अलीकडे, ऐन रानात, निकिताची गाडी थांबली. इंजिन चालू, पण गिअर पडेना. समोर नुसता न्यूट्रलचा 'एन' लुकलुकत होता. उपकेंद्रावर बाया लेकरांना लस द्यायला घेऊन बसल्या असतील, आणि नर्सबाई इथं!

एक मोटरसायकलवाला पुढे गेला, थांबला, वळून आला. रेनकोट घातलेला, नाकाच्या शेंड्यावर थेंब.

"काय झालं मॅडम?"

"गिअर नाही पडून राह्यला."

"पायाखाली क्लच नाही, म्हणजे ही गाडी आपला क्लच आपणच दाबते. त्या दाबणाऱ्या मशीनले करंट भेटत नसंल." त्यानं बॉनेट उघडलं, आत हात घालून कुठलासा प्लग हलवला... 'एन' लुकलुकायचा थांबला.

"बस, एवढंच?"

"एवढंच कुठं! बिघाड लपला, गेला नाही. मी अंकुर. फाट्यावर गॅरेज आहे माहं. या कधी."

'या कधी' म्हणताना तो हसला. निघाल्यावर निकिताला उगीचच आरशात पाहावंसं वाटलं. पाहिलंही.

काही दिवसांनी गाडी पुन्हा अडली. गॅरेजात अंकुरनं प्लग उपसला. पिनांवर हिरवा काट चढला होता. "झडीचं पाणी," म्हणत त्यानं तो घासून साफ केला, चहा मागवला, आणि म्हणाला, "तुमच्या गाडीले माही सवय लागली वाटते."

"गाडीलेच ना?" निकिता बोलून गेली, आणि मग तिनं जीभ चावली.

घरी, मारेगावात, मात्र चहा-बिस्किटांचा कारभार नव्हता. नानाजींनी, तिच्या वडिलांनी, ताटावरच सांगून टाकलं, "आणखी एकदा रानात अडकली, का गाडी विकतो. मंग नोकरीचं नाव काढू नको." आई, कोकिळाबाई, भाकर थापत राहिली. नोकरी तर तिला हवीच होती, आणि फाट्यावरचं ते गॅरेजही... पण हे ती स्वतःलासुद्धा हळूच सांगत होती. त्या दिवसापासून गाडी सुरू करताना तिचा जीव टांगणीला लागायचा.

झड उघडली, ऊन पडलं, आणि कोरड्या ठणठणीत रस्त्यावर 'एन' पुन्हा लुकलुकला. तिनं फोन लावला, पण घरी नाही.

अंकुरनं गाडी ओढून आणली. मीटर लावलं. "बारा व्होल्ट दाखवते. बरोबर आहे." मग त्याच तारांना बल्ब लावला, तर तो मेल्यासारखा मिणमिणला. "मीटरचं ओझं पडत नाही, म्हणून ते सगळं ठीक सांगते. बल्बचं ओझं पडलं का खरं निघते."

"माणसाचंही तसंच असते."

"मंग मले लावून पाहा ना बल्ब," तो खाली बघतच म्हणाला.

प्लगवर पुन्हा काट होता. पाणी नाही, मग हा आला कुठून? त्यानं बॅटरी काढली, तिच्याखालचा ट्रे काढला... मागच्या फटीत काळा दोरा लोंबत होता. एकाखाली एक लिंबं, मिरच्या. सगळ्यात खालचं लिंबू सडून थेट प्लगवर टेकलं होतं, आणि त्याचा रस पिनांत झिरपत होता.

निकिताच्या लगेच लक्षात आलं. गाडीपुढे लिंबू-मिरची बांधू नको, लोक हसतात, असं तिनं आईला बजावलं होतं. आईनं मान डोलावली आणि दर शनिवारी तीच गुपचूप बॉनेटच्या आत सोडली!

अंकुर हसला नाही. त्यानं नवा प्लग बसवला, तारांना पट्टी गुंडाळली. फडक्यानं हात पुसत राहिला, पुसतच राहिला. "आता नाही थांबणार गाडी... मंग तुम्ही कायले येसान इकडं?"

उत्तर तिच्या ओठांवर होतं. पण नानाजींचा चेहरा आठवला, आणि... "उशीर झाला," एवढंच म्हणून ती निघाली. गाडी सुरेख चालली होती, आणि तिला रडू येत होतं.

चुलीपाशी तिनं तो दोरा आईपुढे ठेवला. कोकिळाबाईंनी तो पदराखाली झाकला. "तू एकटी रानातून जाते. मले घोर लागते वं... सांगतलं असतं तर तू काढून फेकलं असतं."

"नानाजीले नाही सांगत मी."

"कोणं काढलं हे?"

"अंकुरनं." नाव घेताना आवाज जरा हलला. कोकिळाबाईंनी मान वर केली. आईच ती, ओळखणारच.

गाडी दुरुस्त झाली, एवढंच नानाजींना कळलं. पण निकिताला धड झोप येईना. तिच्या गप्प राहण्याचा अंकुरनं काय अर्थ घेतला असेल?

शनिवारी कोकिळाबाई ताजं लिंबू-मिरची घेऊन गाडीत बसल्या. "चाल, त्या पोराकडं."

अंकुर "या मावशी" म्हणाला, आणि निकिताला नुसतं "नमस्कार मॅडम." तिच्याकडे पाहिलंही नाही.

"गाडीले नको तर नको," कोकिळाबाई शटरच्या कडीला दोरा बांधत म्हणाल्या. "माही पोरगी ज्याच्या भरोशावर जाते, त्याच्या दाराले बांधतो. पण हे दर शनिवारी बदलावं लागते, बापा. माह्यानं एवढं दूर येणं होत नाही. कसं करता?"

अंकुर हातातला पाना पुसत राहिला. आज गप्प राहिले, तर संपलंच...

"मी येत जाईन," ती म्हणाली. "दर शनिवारी... मी बदलतो."

अंकुरच्या हातातला पाना खण्णकन खाली पडला.

"उचल तो," कोकिळाबाई म्हणाल्या, "अन् चहा सांग."