हेडलाइटचं कडं

हँडल

१९९४ च्या उन्हाळ्यात दिनानाथने पेणच्या एका गोदामात धूळ खात पडलेली जावा मोटारसायकल विकत घेतली. गाडीची हौस त्याला नव्हती. पण ती पेणच्याच बेने इस्रायली एलिजाची होती. इस्रायलला कायमचा निघून जाण्याआधी एलिजाने एकदा शांतीला मागे बसवून रोह्याला नेलं होतं. एकदाच. शांतीचं लग्न तेव्हा व्हायचं होतं.

आता ती दिनानाथची बायको. ओटीवर बसून हमरापूरहून आणलेल्या गणपतींचे डोळे आखायची. मूर्तीच्या डोळ्यांत ती एकटक बघे. नवऱ्याच्या डोळ्यांत अठरा वर्षांत एकदाही नाही.

रोह्याला क्रोम चढवणाऱ्या दाजींनी गंजकं हँडल परत दिलं.

"आधी घासून आण. क्रोम खालचं झाकत नाय रे, उलट दाखवतो."

"त्याचा एक ओरखडा राहता कामा नये."

"कुणाचा?"

दिनानाथ हँडल घेऊन घरी आला. घासत बसला.

क्रोम चढल्यावर हँडलमध्ये त्याची बोटं दिसली. करंगळी वाकडी. एलिजाची होती तशी.

गोल नळीत सगळंच वाकडं दिसतं, असं त्याने स्वतःला समजावलं.

सायलेन्सर

हा क्रोम चढून आला तेव्हा शांतीने आपणहून पदराने पुसला. हळूच, तापलेल्या कपाळावरून हात फिरवावा तसा.

"ठेव तो!" दिनानाथ ओरडला.

"अहो, धूळ हाय म्हणून." मग ती थबकली. "करंगळीला काय झालं?"

त्याने हात पाठीमागे घेतला. करंगळी सरळ होईना.

कडं

शेवटचं हेडलाइटचं कडं. दोन दिवस त्याने ते घासलं, बोटं सोलवटेपर्यंत.

"पत्रा पातळ झालाय," दाजी म्हणाले. "एवढा कसला राग?"

रविवारी भर उन्हात त्याने अंगणात कडं बसवलं. वाकून पाहिलं.

घारे डोळे.

दिनानाथचे डोळे काळे होते. घारे होते ते एलिजाचे.

त्याने पापणी मिटली, उघडली. कड्यातल्या डोळ्यांनीही.

"शांते!"

ती कुंचला घेऊनच आली. कड्याकडे तिने पाहिलंही नाही. त्याच्या तोंडाशी तोंड आणून, मूर्तीच्या डोळ्यांत बघावं तशी बघत राहिली. कुंचल्याचा काळा थेंब पायरीवर पडला.

हेच त्याला हवं होतं. इतकी वर्षं.

तिने त्याची वाकडी करंगळी मुठीत घट्ट धरली.

"आता परत जायचं नाय हां," ती म्हणाली.

दिनानाथ पेण सोडून कधी कुठे राहायला गेलाच नव्हता.