इंदिराबाईंचं रद्द झालेलं जहाज

इंदिराबाई खोब्रागडे आल्या त्या दोन कागद घेऊन. एक जहाजाच्या बुकिंगचा, दुसरा नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरनं दिलेल्या वेळेचा. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवून त्या म्हणाल्या, "यातला कोणता खरा, तेवढं सांगा बाई."

संघप्रिया रामटेकेचं चंद्रपुरात जटपुरा गेटजवळ, चष्म्याच्या दुकानावर एका खोलीचं ऑफिस आहे. खासगी तपास म्हणजे इथे बहुतेक वेळा लग्नाआधीची चौकशी. मदतीला नानाजी, एस.टी.चे निवृत्त कंडक्टर. प्रवाशाचं तोंड पाहून तो कुठे उतरणार ते आपण सांगायचो, असं ते छातीठोक सांगतात. निम्मे प्रवासी भलतीकडेच उतरले असावेत, हे त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही पटेल.

इंदिराबाई माजरीच्या, कोळसा खाणींच्या गावच्या. तीस वर्षं अंगणवाडी चालवली आणि कधीही समुद्र पाहिला नाही. त्यांची मैत्रीण मीराबाई हिचंही तेच. डिसेंबरात कुलदीप नावाच्या एजंटाच्या ट्रॅव्हल्सच्या दुकानावर पाटी दिसली: मुंबई ते लक्षद्वीप, पाच दिवस, साठीपुढच्या दोघींनी मिळून घेतलं तर दुसरीचं भाडं निम्मं. दोघींनी पैसे भरले. जहाज तेरा मार्चला सुटणार होतं.

बारा फेब्रुवारीला सकाळी संदेश आला. बुकिंग आपल्या विनंतीनुसार रद्द, अर्धी रक्कम कापून बाकीची खात्यात जमा. विनंती इंदिराबाईंच्याच ईमेलवरून गेली होती.

तो ईमेल सून खुशबूनं काढून दिलेला. पासवर्ड तिनं घरातल्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवला होता. तो सुनेला माहीत, मुलगा अमरला माहीत आणि बुकिंग करताना कुलदीपलाही सांगितलेला. तिघांनीही कानावर हात ठेवले. उरल्या इंदिराबाई. अमर हळूच म्हणाला, आई, तूच केलं असशील अन् विसरली असशील. परवा तो त्यांना नागपूरला नेणार होता. मीराबाईचेही अर्धे पैसे बुडाले होते, तिनं बोलणं टाकलं होतं.

"आता मलेच माहा भरोसा नाई राह्यला," इंदिराबाई म्हणाल्या. "कुलूप लावलं तरी दोनदा माघारी येऊन पाहाते. मी केलं असन, तरी सांगा. पण खरं काय ते सांगा."

संघप्रियानं डॉक्टरचा कागद घडी घालून त्यांच्या हातात परत दिला आणि बुकिंगचा ठेवून घेतला.

कुलदीपचं दुकान बसस्टँडजवळ. तो इतका भरभर बोलायचा की नानाजींना त्याच्यावर तिथेच संशय आला. त्या जहाजाच्या सगळ्या खोल्या आता भरल्या होत्या, भाडंही चढलं होतं. म्हाताऱ्यांची सवलतीची खोली सोडवून चढ्या भावानं विकली असेल, असं नानाजी संघप्रियाच्या कानाशी कुजबुजले. कुलदीपनं ते ऐकलंच. खोली सुटली की ती कंपनीकडे जाते, दुकानदाराच्या हाती फक्त गेलेलं कमिशन उरतं, असं म्हणून त्यानं त्याचाही कागद दाखवला. सवलतीच्या तिकिटाचा काटा असा असतो, तो म्हणाला, की घेताना स्वस्त पडतं आणि सोडताना महाग.

मग त्यानं रद्द करण्याचा अर्ज छापून दिला. कारणाच्या रकान्यात ‘प्रकृती ठीक नाही’ एवढंच. अर्जदारानं स्वतः भरायच्या जागी तारीख होती अकरा फेब्रुवारी. खाली कंपनीच्या यंत्राची नोंद: बारा फेब्रुवारी, रात्री एक वाजून पन्नास मिनिटं.

"हे पाहा ना," कुलदीप हसला. "बाईले तारीखबी समजून नाई राह्यली. अमरभाऊले मी हेच दाखवलं."

आधी कुणी चौकशी केली होती का, असं संघप्रियानं विचारलं. केली होती. नऊ तारखेला खुशबूचा फोन आला होता.

"मी सांगितलं, अकराच्या रात्री बारा वाजेपर्यंत पाव रक्कम कटते. बारा वाजले की अर्धी. दोनदा सांगितलं, लोक नंतर भांडतात म्हणून."

बाहेर पडल्यावर नानाजींनी निकाल देऊन टाकला. सून. चौकशी करणारी तीच, पासवर्ड लिहिणारी तीच.

माजरीत खुशबूनं घराच्या पुढच्या खोलीत ब्यूटी पार्लर थाटलं होतं. एका बाईच्या भुवया करता करताच ती बोलली. हो, फोन केला होता. एवढे पैसे पाण्यात घालण्यापेक्षा पार्लरला नवी खुर्ची आली असती, असं ती सासूला तोंडावर म्हणाली होती. कुलदीपनं बारा वाजेपर्यंतची वेळ सांगितल्याचंही तिनं लपवलं नाही.

"घरात कोणाले सांगितलं?"

"यांनाच. त्याच दिवशी म्हटलं, अकरा तारखेपर्यंत पावच कटते, पुढं अर्धे जाते, तुमीच समजावा आईले. हे म्हणाले, जाऊ दे तिले, हौस हाय." तिनं दोरा तोडला. "मले नवल वाटलं. आमच्या पोरीच्या, निशाच्या शाळेची सहल धरणावर होती, तिथं तिले जाऊ दिलं नाई यांनी. अन् आईले समुद्रात पाठवाले तयार."

इंदिराबाई आतल्या खोलीत होत्या, पण सगळं ऐकू येत होतं. सुनेचं फटकळ बोलणं त्यांना नवं नव्हतं. दोन अनोळखी माणसांसमोर ते ऐकावं लागलं, याचंच त्यांना वाईट वाटलं असावं.

अमर झोपेतून उठून आला. खाणीवरच्या पंपघरात पंप चालवायचा, महिनाभर रात्रपाळीच होती. पंधरा वर्षांपूर्वी खाणीच्या भुयारात पाणी फुटलं, त्यात त्याचे वडील गेले आणि अनुकंपेवर ही नोकरी त्याला लागली. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली वडिलांचा फोटो होता. स्वभावानं गरीब माणूस. त्यानं स्वतः चहा केला आणि आईबद्दल बोलताना त्याचे डोळे भरून आले.

त्या रात्री तो कुठे होता, हे नानाजींनीच विचारून टाकलं. अमरला राग आला नाही.

"ड्युटीवर होतो ना. अकरा तारखेले रात्री दीड वाजता मोठा पंप बंद पडला. मिस्त्री येईपर्यंत मी एकटाच तिथं बसून होतो. हजेरी पाहा पाह्यजे तर, अकराची लागली हाय. बारा तारखेले तर मी गेलोच नाई, आईसाठी सुट्टी घेतली."

नानाजींनी वहीत ‘मुलगा ड्युटीवर, निर्दोष’ असं लिहून खाली रेघ मारली. इंदिराबाई तारखांत घोटाळा करतात का, असं संघप्रियानं जाता जाता विचारलं. अमर कपबश्या उचलू लागला. उत्तर खुशबूनं दिलं. अंगणवाडीच्या तीस वर्षांच्या हजेरीपटात सासूबाईंची एक तारीख कधी खोडलेली नव्हती, आणि आता असं व्हावं, म्हणून तर सगळ्यांना काळजी.

परतताना संघप्रियानं खाणीच्या फाटकावर ऑटो थांबवली. दुसऱ्या पाळीची माणसं आत जात होती. नानाजींनी भजी घेतली, तोवर तिनं हजेरी घेणाऱ्या बाबूला एकच प्रश्न विचारला आणि परत आली.

"नानाजी, तुमच्या एस.टी.त रात्री दीडच्या गाडीच्या तिकिटावर तारीख कोणती?"

"नवी. बारा वाजले की तारीख बदलते. पोट्ट्यालेही समजते ते."

"सगळीकडे नाही बदलत," ती म्हणाली. नानाजींना काही कळलं नाही, पण भजी गरम होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला ती पुन्हा माजरीला गेली. मीराबाईला निरोप धाडला होता. ती आली, पण दाराशीच बसली. संघप्रियानं अर्ज सगळ्यांसमोर ठेवला.

"हा कागद पाहून सगळ्यांनी ठरवलं, की इंदिराबाईंचं डोकं ठिकाणावर नाही. बारा तारीख लागलेली असताना तारखेच्या रकान्यात अकरा भरली. पण लिहिणारा विसराळू नव्हता. त्याला नियम पक्का ठाऊक होता. अकरा तारखेपर्यंत पाव रक्कम कापतात, आणि त्याला तेवढीच कापून घ्यायची होती. बाकीचे पैसे इंदिराबाईंच्याच खात्यात गेले, म्हणजे लुबाडायचं कुणालाच नव्हतं. शेवटच्या दिवशी त्यानं अर्ज केला, फक्त त्याच्या हिशोबानं तो दिवस रात्री दोनलाही संपलेला नव्हता.

"कुलदीपला बाराची वेळ तोंडपाठ. खुशबूनं ती त्याच्याकडून दोनदा ऐकलेली. या दोघांपैकी कुणी असतं, तर बाराच्या दहा मिनिटं आधी तरी अर्ज केला असता. इंदिराबाईंना हा नियम कुणी सांगितलाच नव्हता. तारीख कळलेला पण वेळ न कळलेला माणूस एकच आहे. खुशबूनं नवऱ्याला फक्त ‘अकरा तारखेपर्यंत’ एवढंच सांगितलं."

नानाजी उठले. "पण तो तर खाणीत होता."

"अर्ज फोनवरून होतो, त्याला घर लागत नाही. आणि खाणीत होता म्हणूनच तारीख चुकली. काल अमरभाऊ काय म्हणाले? अकरा तारखेला रात्री दीड वाजता पंप बंद पडला. बाराला गेलोच नाही. आपल्या कॅलेंडरवर ती बाराची पहाट होती. बाबूला मी तेवढंच विचारलं. रात्रपाळी दहाला लागते आणि सकाळी सहाला सुटते, पण हजेरी लागते ती ज्या तारखेला माणूस कामावर आला, त्या तारखेची. पंधरा वर्षं रात्रपाळीत ज्याचा दिवस सकाळी सहाला संपतो, त्याच्या हातून रात्री दोनला अकराच लिहिली जाणार."

अमर भिंतीला टेकून खाली बसला.

"बाबाले पाण्यानंच नेलं," तो म्हणाला. "तू पाच दिवस पाण्यावर राह्यशील म्हटलं, की मले झोप नाई ये. तुले नको म्हणाची हिंमत नाई झाली. शेवटच्या रात्री पंप बंद पडला, पाणी चढून राह्यलं होतं, अन् मी एकटाच. तवा केलं. वाटलं, पावच पैसे जातीन, मी भरून देईन."

"मग मले काऊन नाई सांगितलं?" इंदिराबाईंनी विचारलं.

"सकाळी तूच मले विचारलं, ‘अमर, मीच तर नाई ना केलं?’ मी चूप राह्यलो. एक दिवस चूप राह्यलो, मग सांगताच नाई आलं."

इंदिराबाईंनी एक मोठा श्वास सोडला. पैशांचं त्यांनी विचारलं नाही. आपण केलं नव्हतं, हे कळल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं, आणि त्याच्या मागोमाग राग आला.

"ज्या खाणीनं तुह्या बापाले नेलं, तिथं मी तुले पंधरा वर्षं डबा बांधून पाठवून राह्यली," त्या म्हणाल्या. "मले भेव नसन का, अमर? रोज तू फाटकातून बाहेर येईपर्यंत माहा जीव थाऱ्यावर नसते. पण तुले थांबवाले मी तुलेच येडा ठरवलं का?"

मीराबाई दाराशी बसली होती ती उठून आत आली आणि मैत्रिणीजवळ बसली. माफी वगैरे तिनं मागितली नाही. पुढचं जहाज केव्हा आहे, एवढंच विचारलं. दिवाळीनंतर असेल, खुशबू म्हणाली, मी उद्या विचारते. या वेळी सवलत मिळो न मिळो, बुकिंग आपण स्वतः करू आणि पासवर्ड आपल्याजवळ ठेवू, असं इंदिराबाईंनी सांगून टाकलं.

नऊ वाजता अमर ड्युटीवर निघाला. त्या दिवशी त्याचा डबा खुशबूनं बांधला.